तिसरा पेला

"आजोबा, सम देऊ की विषम?" फुलवालीने विचारलं.

येफिम क्षणभर अडखळला. "सम," तो म्हणाला. "सहा दे."

तिचा आवाज लगेच खाली आला. सम फुलं मेलेल्यांची; जिवंत माणसाच्या हातात ती कोण देतो? तिने सहा लाल कार्नेशन काळ्या फितीने बांधली आणि गुपचूप त्याच्या हाती दिली.

येफिम कायमचा मुलीकडे राहायला निघाला होता. खाबारोव्स्क सोडून पाच दिवस झाले होते, मॉस्को अजून दोन दिवस लांब होतं. तिकिटावर शिक्का मारून घेऊन तो सकाळी चेल्याबिन्स्कला उतरला होता आणि पुढची गाडी संध्याकाळी सहा चाळीसला होती. सत्तावीस वर्षं टाळलेल्या कामाला एक दिवस पुष्कळ झाला. बासष्टाव्या वर्षी पुन्हा या बाजूला कोण येतंय?

मार्चचा बर्फ काजळीने काळा पडला होता. पोलादाच्या कारखान्याची धुराडी तशीच ओळीने उभी होती, आणि तो जळका वास नाकात शिरला. त्याला वाटलं, तस्संच मागे फिरावं.

जुन्या इमारतीचे पाच मजले तो धापा टाकत चढला. दार एका अनोळखी मुलीने उघडलं.

"ताया मावशी? त्या खाली गेल्या राहायला, मी यायच्या कितीतरी आधी. एक नंबर बघा."

गुडघे गेले असतील बिचारीचे, असं मनाशी म्हणत येफिम खाली उतरला. एक नंबरच्या दारावर त्याने टकटक केली, तीही इतकी हळू, की कोणी ऐकलं नसतं तर बरंच झालं असतं.

दार लगेच उघडलं. ताया म्हातारी झाली होती, पण नजर तीच, आरपार जाणारी.

"येफिम!" ती म्हणाली. "केस गेले, पोट आलं. बाकी तूच तो."

फुलं पुढे करता करता त्याने हात मागे घेतला. उंबऱ्यावरून काही देऊ नये, आईने लहानपणीच बजावलं होतं.

"दे रे. आमच्या घराला उंबराच नाही," ताया म्हणाली.

खरंच नव्हता. दाराच्या चौकटीला गुडघ्याच्या उंचीवर ओरखडे पडले होते. कुत्रं पाळलं असेल, त्याला वाटलं. एकट्या बाईला तेवढीच सोबत.

तायाने फुलं हातात धरून मोजली. तिच्या भुवया किंचित वर गेल्या. "याच्यासाठी एवढ्या लांबून आलास?"

"प्रोखोरसाठी," येफिम म्हणाला. "तुझ्यासाठीही."

तिने फुलं टेबलावर ठेवली, उकडलेले बटाटे, खारवलेली काकडी, काळा पाव मांडला. मग व्होडकाची बाटली काढली आणि तीन पेले भरले.

तिसरा पेला पाहून येफिमचे डोळे भरून आले. सत्तावीस वर्षं झाली तरी ही बाई नवऱ्याचा, प्रोखोरचा पेला भरते! त्याने पावाचा एक तुकडा उचलला आणि गेलेल्या माणसाच्या पेल्यावर ठेवतात तसा त्या पेल्यावर हलकेच ठेवला.

ताया त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बोल," ती म्हणाली. "काहीतरी पोटात घेऊन आलायस तू."

"ताया, त्या दिवशी..." येफिम पुटपुटला.

"मोठ्याने बोल. कारखान्याच्या आवाजाने कान गेले माझे."

स्वयंपाकघरात किटली नुकती कुठे सूं सूं वाजायला लागली होती. ताया उठून ती बंद करून आली आणि परत समोर बसली.

"क्रेनची साखळी तपासायचं काम माझं होतं," येफिम मोठ्याने म्हणाला. "आदल्या रात्रीची दारू उतरली नव्हती. मी वर चढलोच नाही. वहीत नुसती सही ठोकली, साखळी ठीक म्हणून. ती तुटली, प्रोखोर वजनाखाली सापडला, आणि मुकादम सगळ्यांसमोर ओरडला, की त्याच गाढवाने वजन जास्त लावलं. जास्त नव्हतं, ताया. तीन टनच होते. पोलादाचे पत्रे मी स्वतः मोजले होते. मी तिथेच उभा होतो आणि तोंड उघडलं नाही."

"मग?"

"अंगावर ताडपत्री घालून त्याला नेताना पाहिलं. त्याच संध्याकाळी पूर्वेची गाडी धरली. कोणाला पत्र नाही, कोणाची चौकशी नाही. त्याच्या मातीवर उभं राहून हे बोलायचं होतं मला. घेऊन चल तिकडे. मग हवं ते बोल, थोबाडीत मार."

"मेलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं, नाही का?" ताया म्हणाली.

येफिमने मान खाली घातली. खरंच होतं ते. वाटेत पाच दिवस त्याने हे सगळं मनाशी घोकलं होतं आणि प्रत्येक वेळी समोर थडग्याचा मुका दगडच होता.

तायाने काळी फीत सोडली. एक फूल काढून येफिमच्या मुठीत दिलं आणि उरलेली पाच पाण्याच्या बरणीत ठेवली. मग आतल्या खोलीचं दार, जे मघापासून बोटभर उघडंच होतं, तिने पूर्ण ढकललं.

"ऐकलंस ना सगळं?"

चाकांची खुर्ची चौकटीला घासत बाहेर आली. खुर्चीतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाने तिसऱ्या पेल्यावरचा पाव उचलला, त्यावर मीठ भुरभुरलं आणि सावकाश चावून खाल्ला.

"म्हणजे तीन टनच होते," प्रोखोर म्हणाला.