फायलीवरची टिकली

आतल्या खोलीत वाटी घरंगळली. फरशीवर गरगर फिरून ती गप्प झाली, तशी इतका वेळ चहाच्या कपाकडं बघत बसलेली हर्षाली दचकली.

"मैत्रेयी आहे. दवाखाना-दवाखाना खेळतेय," प्रज्ञा म्हणाली. "चहा घे. साय धरली बघ."

"हळू बोला!" पाच वर्षांची मैत्रेयी आतनं ओरडली. "पेशंट झोपलाय!"

दारातनं दिसत होतं. उशीवर बाहुली, आणि तिच्या अंगावर पांघरूण म्हणून प्रज्ञाचा ड्युटीवरचा मरून स्वेटर. परवापासून धुवायला काढून ठेवलेला, पोरीनं ढिगातनं ओढला होता. एरवी प्रज्ञानं हटकलं असतं. आज तिचं ध्यान तिकडं नव्हतं.

"ताई, आईशप्पत सांगते," हर्षाली म्हणाली. "फायलीवर टिकली न्हवती."

"मी माझ्या हातानं लावली होती, बाळा."

टिकलीची कल्पना प्रज्ञाचीच. दोघी नर्स होत्या तो दवाखाना मंचरच्या हायवेलगतचा. अपघाताचे पेशंट आले की एकच धांदल उडायची. कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे फायलीच्या आत लिहिलेलं असायचं. पण घाईत फाईल उघडून वाचणार कोण? एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल, ही धास्ती प्रज्ञाच्या मनातनं हलायची नाही. स्वयंपाक करतानासुद्धा. शेवटी तिनं आठवडे बाजारातनं लाल टिकल्यांचं पाकीट आणून वॉर्डात ठेवलं. ज्याला काही चालत नाही, त्याच्या फायलीवर टिकली. दिसली की थांबायचं, विचारायचं. नसली की बिनघोर सुई द्यायची.

"फायलीचं लगीन लावलं का काय, सिस्टर?" वॉर्डातल्या बनाबाई मावशी हसायच्या. "सोताच्या कपाळाला मुगाएवढी काळी, अन् फायलीला रुपयाएवढं कुकू!"

हसता हसता सगळ्यांना सवय झाली. घरी ऐकून ऐकून मैत्रेयीलाही टिकलीचा नियम पाठ झाला. मोठ्या डॉक्टरांनीही शाबासकी दिली.

परवा पिंपरी पेंढारचे सोमाजीबाबा पाय मोडून आले. दुखणं थांबवायची सुई त्यांना सोसत नाही, हे त्यांच्या बायकोनं, ठकूबाईनं, दारातच सांगितलं. प्रज्ञानं आत लिहिलं, वर टिकली लावली. तेवढ्यात बाहेर जीप उलटल्याचा गलका झाला. फाईल काखोटीला मारून ती वॉर्डात धावली, बाबांच्या उशाशी ठेवली आणि तशीच माघारी पळाली.

दुपारी बाबा कण्हायला लागले. ठकूबाई डबा आणायला गेलेली. हर्षालीनं फाईल पाहिली, सुई दिली. बघता बघता बाबांचं तोंड सुजलं, श्वास कोंडला. सगळा दवाखाना धावला. त्या धावपळीत फाईल खाली पडली, तिच्यावरनं चारचौघांचे पाय गेले. बाबा वाचले. टिकली मात्र सापडली नाही.

"पायाखाली गेली असणार," सगळे म्हणाले. हर्षाली एकटीच म्हणत होती, आधीपासनं न्हवती.

आज संध्याकाळी डॉक्टर तिचं काय ते ठरवणार होते.

प्रज्ञा तिच्याजवळ सरकली. "हे बघ, नव्हतीच म्हणत राहिलीस तर खोटारडी म्हणून काढतील तुला. मग दुसरीकडं कोण दारात उभं करणार आहे? 'लक्ष नव्हतं' म्हण. चूक माणसाकडनंच होते. पुढचं मी सांभाळून घेते."

"पन मी पायलं व्हतं, ताई. लई नीट पायलं व्हतं."

"सकाळपासनं उभी होतीस. पोटात अन्नाचा कण नाही. डोळ्यांपुढनं जातं ते सगळं मनापर्यंत पोचतं का, गं?"

हर्षाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"नसंल पोचलं," शेवटी ती पुटपुटली. "तुमी कशाला खोटं बोलाल?"

प्रज्ञानं डॉक्टरांचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

"सर, टिकली होती. माझंच लक्ष नव्हतं." मग बराच वेळ नुसतं, "हो सर. हो."

फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले. "ठेवून घेत्यात. पन सुईला हात लावायचा न्हाई म्हनले. केसपेपरच्या खिडकीत बसायचं."

"बसशील थोडे दिवस. मी बोलते नंतर त्यांच्याशी." प्रज्ञानं तिच्या पाठीवरनं हात फिरवला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. पोरीचं पोट तरी वाचलं.

चपला घालता घालता हर्षाली थांबली. "ताई, ती फाईल अजून डोळ्याम्होरं येती. कोरीच दिसती. आता सोताच्या डोळ्यांचा भरवसाच न्हाई वाटत."

"डिंगोऱ्याला घरी जा, आईच्या हातचं जेव आणि झोप काढ. गप."

हर्षाली एसटी गाठायला गेली. प्रज्ञानं दार लोटलं, कप उचलले आणि आत डोकावली.

"काय झालंय तुमच्या पेशंटला, डॉक्टरबाई?"

"हिला सुई चालत नाही," मैत्रेयी गंभीरपणे म्हणाली.

"अगंबाई! तुला कसं कळलं?"

मैत्रेयीनं बाहुलीच्या तोंडावरनं स्वेटर बाजूला केला. बाहुलीच्या कपाळावर लाल टिकली होती. रुपयाएवढी. तिच्या कडेला मरून लोकरीचा बारीक धागा चिकटला होता.

"ही तुझ्या स्वेटरच्या काखेत चिकटली होती," मैत्रेयी म्हणाली. "पण आई, तू तर काळीच लावतेस ना? मग ही कुणाची गं?"