गोड काढा

काडेचिराइताचा हाही नमुना वाया गेला. आलेखावर कडू द्रव्याचा सुळका उठायला हवा, तिथे नुसती आडवी रेघ होती.

"यंत्र बिघडलं असेल," प्रयोगशाळेचे प्रमुख खोत सर म्हणाले.

नीलांबरीने नमुन्यातली काडी उचलून सरळ चावली. तोंडात काही घालायला इथे सक्त मनाई होती. काडी उसाच्या चोयट्यासारखी गोडसर लागली.

"यंत्र ठीक आहे, सर. अळीने खाऊ नये म्हणून झाड कडू व्हायचं. आता अळीच उरली नाही, तर कशाला होईल?"

देशातली शेवटची अळी मेली, तेव्हा याच टेबलावर पेढे वाटले होते. पहिला तिनेच उचलला होता.

घरी तिची मुलगी मुक्ता तापाने फणफणली होती. या तापावर आता एकही गोळी चालत नव्हती. चालायचा तो फक्त काडेचिराइताचा काढा, त्यातल्या कडू द्रव्यामुळे. सासूबाई वाटी घेऊन बसल्या होत्या, मागाहून द्यायला दुसऱ्या हातात गुळाचा खडा.

मुक्ताने वाटी घटाघटा संपवली आणि बोटाने तळ चाटला.

"गूळ नको, आजी. काढाच दे अजून."

"शहाणी गं माझी बाय!" म्हणत सासूबाईंनी कौतुकाने वाटी पुन्हा भरली.

नीलांबरीने मुलीच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला.