बॅरिस्टरची मिरवणूक

कल्याणच्या हायस्कुलात शिकलेला वामन विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला, तेव्हा शाळेने त्याला वाजतगाजत गावातून मिरवलं. समुद्र ओलांडून धर्म बुडवला म्हणून वडिलांनी, तात्यांनी, मात्र तो जिवंत असतानाच त्याचं श्राद्ध घालून टाकलं होतं. ताशे दारावरून गेले, तेव्हा त्याची आई भागीरथी चुलीपुढून हललीसुद्धा नाही.

मिरवणूक पांगल्यावर वामन एकटाच परसदारी येऊन उभा राहिला. "आई, भूक लागलीय गं."

"आत पाऊल टाकायचं नाही!" तात्या माजघरातून गरजले. "माझा मुलगा मेलाय."

भागीरथीने केळीच्या पानावर दहीभात वाढला आणि परसात, कावळ्याला घास ठेवायच्या दगडावर नेऊन ठेवला.

"हे काय चालवलंयस?" तात्या तिच्यावर ओरडले.

 

"मेलाय म्हणालात ना? मग त्याचं पान तरी वाढू द्या मला."