जुन्या टाकीतलं पन्हं

"हे काय काढलंत?" बायकोने विचारलं आणि गाडीखाली आडवा झालेला मी गारठलोच. आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये स्वयंपाक होतो, म्हणून तिथला संडास कुणीही वापरायचा नाही, ही तिची अट. आणि माझ्या हातात, गोव्याच्या सहलीत मी गुपचूप वापरलेल्या त्याच संडासाची तडकलेली प्लॅस्टिकची टाकी होती.

"पिण्याच्या पाण्याची आहे," मी ठोकून दिलं. "नवी बसवतोय."

"मग जुनी फेकू नका. लागेल मला."

चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारणी जमल्या. सगळ्यांच्या हाती पेले देत ती म्हणाली, "आज पन्हं यांच्या जुन्या टाकीत केलंय हं!"

"पिऊ नका!" मी किंचाळलो. "संडासाची आहे ती!"

"पातेल्यात केलंय," ती शांतपणे म्हणाली. "टाकी केव्हाच भंगारात दिली. गोव्याहून येताना मागच्या सीटवर मीच बसले होते. मला काय नाक नाही?"