मालेगावचं तिकीट

दोन वर्षाआंधी आमची बस पलटी झाली, तवापासून मी बसमंधी चढलोच नाई. डॉक्टरच्या गोळ्यायनं झोपेतलं ओरडणं थांबलं, पण बसमंधी बसाची हिंमत समुपदेशनवाल्या मॅडमनं देल्ली. पयले नुसतं स्टँडवर जाऊन बसाचं, मंग एक थांबा, मंग दोन. आज पयल्यांदा मेडशीवरून मालेगावले एकटा निघालो. समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातानं धरला अन् मॅडमनं सांगतला तसा श्वास मोजत राह्यलो. एकाएकी कंडक्टरनं खांदा हलवला. "काय बे, तिकीट मालेगावचं अन् झोपून राह्यला वाशीमलोक?" बाहीर वाशीम होतं. दांडा कवाच सुटला होता, हात मांडीवर पडले होते. मायचा फोन आला. "उतरला का रे मालेगावले?" "नाई माय, गाडीतच झोप लागली." ती बाबाले म्हणली, "अजी, आयकलं का, पोट्टा गाडीत झोपला."