हेरंबची सुटका

“जगबीर ने कुछ उगला कि नहीं? और मारिए उसे!” उल्काने इन्स्पेक्टर दहियांना सुनावलं.

जगबीर टॅक्सीवाला. त्याचं नाव पोलिसांना तिनेच दिलं होतं. तिचा दीर हेरंब शेवटचा दिसला, तो त्याच्याच गाडीत. मग खंडणीचे फोन सुरू झाले. तिच्या पाटल्या गेल्या, नवऱ्याचा, शशिकांतचा, फंड गेला. गुडगावच्या नव्या कॉलनीत प्लॉट घ्यायला हेरंबने मागितला होता, तोच फंड. तेव्हा शशिकांतने साफ नाही म्हटलं होतं. आता भावाच्या जिवासाठी निमूट काढून दिला.

आज हेरंब सुटला. चौकीवरून दहियांनी त्याला थेट लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरवर आणलं आणि बाहेरच्या खोलीतच जबाब सुरू केला. अंधारी खोली, डोळ्यांवर पट्टी, दिवस की रात्र ते कळायचं नाही, हेरंब सांगत होता. दहिया पुन्हा पुन्हा तेच विचारायचे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, या खाकीला काय त्याचं! उल्का तणतणत आत गेली आणि वरणभाताचं ताट घेऊन आली.

“आधी जेव बाबा. यांची चौकशी गेली खड्ड्यात.”

हेरंबने ताट बाजूला सारलं. “नको वहिनी. आज संकष्टी ना. चंद्र उगवला की जेवतो.”

या धावपळीत उल्का संकष्टी पार विसरली होती. तिने स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर पाहिलं. खरंच होती. तारीख चौकीत कळली असेल, पण तिथी? ती बाहेर आली आणि हेरंबकडे बघत राहिली. त्याने मान खाली घातली.

दहियांना संकष्टी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. ते कागद गुंडाळून उठले.

भावाशेजारी बसलेल्या शशिकांतलाही उमगलं होतं. “उल्का, गप्प राहा,” तो पुटपुटला. “घराची अब्रू आहे.”

“टॅक्सीवाला काय, सुटेल आज ना उद्या,” हेरंब हळूच म्हणाला.

उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गरिबाला मारा म्हणून ती रोज ओरडत होती, आणि हा नालायक कुठेतरी पंचांग बघत बसला होता!

“बैठिए, दहियाजी,” ती म्हणाली. “जगबीर को छोड़ दीजिए. आपका चोर ये रहा, व्रत रखके बैठा है.”