मध, मोहरी आणि अबोला

संध्याकाळी सातच्या सुमारास दोन्ही जावा एकाच पातेल्यात मध-मोहरीचा सॉस करत होत्या. पाहुणे तासाभरात येणार होते. दोघींचा पंधरवड्यापासून अबोला होता, म्हणून निरोप पोचवायला सासरे मध्ये उभे होते.

"बाबा, जाऊबाईंना सांगा, मध कमी आहे," असं म्हणत धाकटीने स्वतःच मध ओतला.

"बाबा, तिला विचारा, सॉस करायचाय की पाक?" थोरलीने फेसलेली मोहरी पळीभर घातली.

"मोहरी नाकात चढेल म्हणावं!"

"काहींच्या नाकावर कायमच राग असतो म्हणावं!"

वाटीभर करायचा सॉस पातेल्याच्या काठाला आला. अखेर निवाडा करायला सासऱ्यांनी चमचाभर तोंडात घातला आणि त्यांना असा ठसका लागला की शब्दच फुटेना. आता निरोप कोण नेणार?

"अगं, बघतेस काय? पाणी आण!"

"तुम्ही आधी पाठ चोळा त्यांची! एवढी मोहरी घालतं का कुणी?"

"आणि तू मधाची अख्खी बाटली रिकामी केलीस ती?"

धाकटीला हसू फुटलं, मग थोरलीलाही. दोघी ओट्याला टेकून पोट धरून हसल्या, पुन्हा भांडल्या, पुन्हा हसल्या.

ताजी बातमी अशी की सासऱ्यांचा ठसका केव्हाच थांबला आहे. पण दोघींचं बोलणं जरा मंदावलं की ते पुन्हा खोकू लागतात.